लेवेंदला मांडीवर कोण घेणार

शनिवारी दुपारी सगळे जेवायला बसले आणि लेवेंद काही केल्या बसेना. सब्रीने जमिनीवर चादर अंथरून द्राक्षाच्या पानांच्या डोलम्यांचं पातेलं मधोमध ठेवलं होतं, ताकाचा जग ठेवला होता, रोट्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. घरात सहा खुर्च्यांचं चांगलं टेबल होतं, पण त्याच्यावर गेली अनेक वर्षं इस्त्रीचे कपडे आणि देरवेशची औषधं जेवत होती. माणसं खालीच जेवत.

"बस रे वाघा," देरवेश म्हणाला. "उभ्याने घोडे खातात."

"मला उभंच आवडतं, बापीर."

"हे जर्मन शाळेत शिकवतात वाटतं? बापीरने मांडी घालून खायचं आणि नातवाने डोक्यावर उभं राहायचं?"

सब्रीने नातवाकडे डोळे वटारले. आता, सहा वर्षांच्या पोराकडे डोळे वटारले की जे बोलू नये नेमकं तेच ते बोलतं. हे तिला चार मुलं वाढवून कळायला हवं होतं.

"मांडी घातली की ओढल्यासारखं होतं," लेवेंद म्हणाला. "डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून थोडे दिवस. पण मी रडलोच नाही, बापीर! मला मास्क लावला, त्याला स्ट्रॉबेरीचा वास येत होता. मी बाबांच्या मांडीवर झोपून गेलो आणि उठलो तर झालेलं पण होतं."

"काय झालेलं होतं?"

लेवेंदने कमरेखाली बोट दाखवलं. चेहऱ्यावर असा रुबाब, जसं काही गड जिंकून आला आहे.

देरवेशने हातातला डोलमा पुन्हा पातेल्यात ठेवला. त्याने बायकोकडे बघितलं. सब्री रोटीचं फडकं उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती, पुन्हा उलगडत होती.

"तुला माहीत होतं?"

"मला काय विचारता, सेरहदचे बाबा. तो संध्याकाळी पोराला न्यायला येईल, त्यालाच विचारा."

म्हणजे माहीत होतं. देरवेशला आधी राग आला नाही. राग यायला गोष्ट कळावी लागते, आणि त्याला काही कळतच नव्हतं. त्याच्या नातवाची सुंता झाली होती, आणि त्याचा आजोबा इथे बसून त्याला घोडा म्हणत होता.

पुढच्या महिन्यात हॉल ठरलेला होता. सनईसारखा झुर्ना वाजवणारा हानोवरहून येणार होता. लेवेंदसाठी पांढरा सूट आणि सोनेरी जरीचा कमरपट्टा खलफच्या घरी तयार होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, खलफची मांडी तयार होती.

ही मांडी काय प्रकरण आहे हे ब्रेमेनमधल्या आमच्या, गाव सोडून आलेल्या लोकांपैकी कोणालाही विचारा, चहा थंड होईपर्यंत सांगतील. सुंतेच्या वेळी पोराला जो मांडीवर घेऊन बसतो तो किरीव. तो पोराचे हात धरतो, डोळ्यांवर तळवा ठेवतो, आणि रक्ताचा थेंब त्याच्या मांडीवर पडला की दोन घरांचं एक घर होतं. मग त्या दोन घरांत लग्न लागत नाही, कारण भावंडांत कसलं लग्न. मग जुनं भांडण उकरून काढत नाहीत. पोराचा बाप त्या वेळी खोलीत थांबत नाही. त्याने पोर दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं आणि त्यातच सगळं आलं. म्हणून किरीव विचार करून निवडतात. शहाणी माणसं तर वैऱ्यालाच निवडतात, कारण वैर बांधून टाकायला याहून पक्की गाठ नाही.

आणि खलफ वैरी होता. एकाच गावचे दोघे, एकाच विहिरीचं पाणी प्यालेले. त्या वाईट वर्षांत खलफच्या भावाने आपल्याच लोकांविरुद्ध सरकारची बंदूक खांद्याला लावली. देरवेशच्या घराने नकार दिला. बंदूक घेतलेल्यांची घरं राहिली, न घेतलेल्यांची सैन्याने जाळली. देरवेशच्या आईने जळत्या घरातून शिवणयंत्र ओढून बाहेर काढलं आणि आयुष्यभर त्याच यंत्राला दोष देत राहिली, की ते वाचलं आणि बाकी सगळं गेलं. पुढे दोन्ही घरं जर्मनीत आली, तीही एकाच शहरात, कारण नशिबाला चेष्टा करायची हौस असते. ब्रेमेनमध्ये खलफ ट्रामच्या एका दाराने चढला की देरवेश दुसऱ्याने उतरत असे, आपला थांबा आलेला नसला तरी.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या लोकांच्या संघाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. खलफचा तो भाऊ मरून गेला होता. खलफच्या छातीत यंत्र बसवलेलं. "आता कोणासाठी धरून बसला आहात?" त्यांच्यातले वडीलधारे हाजी शमो म्हणाले. देरवेश सगळ्यांच्या देखत म्हणाला, "माझा नातू खलफच्या मांडीवर बसेल." हॉलमधली माणसं उठून उभी राहिली. खलफने त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं. घरी येताना देरवेशला वाटलं, आपण किती वर्षांनी नीट श्वास घेतोय.

सेरहदला त्याने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. सेरहद म्हणाला, "बघू, बाबा."

देरवेशच्या कानांना 'बघू' म्हणजे होच. मुलगा बापाला आणखी काय म्हणणार?

*

संध्याकाळी सेरहद आला तो कामाच्या कपड्यांतच. तो लिफ्ट तपासायचं काम करतो. शहरभरच्या इमारतींत फिरून कोणती लिफ्ट चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची ते ठरवतो. घरात पाऊल टाकताच त्याने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. त्याने बूट काढायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"लेवेंद, आजीबरोबर स्वयंपाकघरात जा."

"मी काही सांगितलं नाही," लेवेंद म्हणाला आणि गेला.

"बस," देरवेश म्हणाला.

सेरहद बसला. "त्याला सारखा त्रास व्हायचा, बाबा. दोनदा ताप आला होता. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, आणि मध्येच एक तारीख रिकामी झाली, म्हणून मग—"

"फोन नव्हता तुझ्याकडे?"

"होता."

"मग?"

"मग काय. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पुढच्या महिन्यापर्यंत थांब."

"म्हटलंच असतं! एक महिना! माझ्या बापाला बारा वर्षं झाली तेव्हा त्याची झाली, तो मेला नाही. तुला कळतंय का तू काय केलंस? मी भर सभेत शब्द दिलाय. आता लोक काय म्हणतील? देरवेशला खलफची मांडी विटाळ वाटली, म्हणून गुपचूप दवाखान्यात उरकून घेतलं. असंच म्हणतील. खलफही असंच म्हणेल."

"खलफकाका असं म्हणणार नाहीत. बाबा, ऐका, खलफकाकांना—"

"त्याचं नाव तू काढू नकोस! तू कोण त्याचं सांगणारा? तुला काय माहीत खलफ म्हणजे काय? तुझ्या आजीने यंत्र ओढत आणलं तेव्हा तू पोटात पण नव्हतास!"

सेरहदने तोंड मिटलं. असं तो लहानपणापासून मिटत आला होता. दार नीट लागलंय ना हे बघून माणूस कुलूप लावतो तसं. देरवेशला ते दिसलं, पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"एक सांग. मांडीवर कोण होतं?"

"म्हणजे?"

"पोराला मांडीवर कोणी घेतलं? सांग ना! डॉक्टरने? नर्सने? एखादी जर्मन बाई तर नाही ना किरीव होऊन बसली आपली?"

एरवी कोणीही हसलं असतं. सेरहदच्याही ओठांच्या कडा हलल्या, पण त्याने आवरलं.

"मी घेतलं. झोप लागेपर्यंत तो माझ्या मांडीवर होता. मग त्यांनी आत नेलं."

"तू? बाप?"

"हो. बाप."

देरवेश मुलाकडे बघत राहिला. किरीव म्हणजे दुसऱ्या घरचा माणूस. ज्याच्या मांडीवर पोर बसतं त्याचं घर आणि पोराचं घर जोडलं जातं. आता पोर बापाच्याच मांडीवर बसलं तर कोणाचं घर कोणाला जोडलं? सेरहद स्वतःचाच सोयरा झाला का? हे म्हणजे माणसाने स्वतःशीच हस्तांदोलन करण्यासारखं झालं.

"रक्त?" त्याने विचारलं. "रक्त कोणाच्या मांडीवर पडलं?"

"कोणाच्याच नाही. रक्त कचऱ्यात गेलं असेल, बाबा, मला काय माहीत!"

देरवेशचे डोळे चमकले. "म्हणजे मांडी रिकामीच आहे अजून! मग ऐक. काही बिघडलं नाही. पुढच्या महिन्यात हॉल आहेच. पोराला सूट घालायचा, खलफच्या मांडीवर बसवायचं, वर चादर धरायची. सुंता करणाऱ्या उस्ताला मी सांगून ठेवतो, तो नुसता हात फिरवील. झुर्ना वाजला की कोणाला काय ऐकू येतंय? लेवेंदला फक्त एकदा ओरडायला सांग."

"ओरडायला सांगू?"

"नुसतं तोंडाने."

"सहा वर्षांच्या पोराला मी सांगू, की तुला दुखतंय असं दाखव, म्हणजे आजोबांची अब्रू राहील?"

"आजोबांची नाही, घराची!"

"माझ्या वेळीही घराचीच होती," सेरहद म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी आठ वर्षांचा होतो. तुम्ही मला एका अनोळखी माणसाच्या मांडीवर ठेवून निघून गेलात. कुठे होता तुम्ही?"

"बाहेर! बाप बाहेरच असतो! माझाही होता. त्याचाही होता. ती रीत आहे, सेरहद, मी काढलेली नाही."

"हो," सेरहद म्हणाला. "माहीत आहे." त्याने लेवेंदला हाक मारली, त्याचं जॅकेट शोधलं, आईच्या हाताचं चुंबन घेतलं. दारात थांबून म्हणाला, "ओरडायला मी सांगणार नाही, बाबा."

जिना उतरताना लेवेंदचा आवाज वरपर्यंत येत होता. तो बापाला विचारत होता, ओरडायचं कशाला.

*

पुढचे दिवस देरवेशने कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. दाढी करताना अर्धी करून थांबायचा. चहात साखर दोनदा घालायचा आणि गोड झाला म्हणून सब्रीवर डाफरायचा.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने तिला शेवटी विचारलंच.

"सूनबाईने, नूजीनने आदल्या दिवशी फोन केला होता."

"आणि तू मूग गिळून बसलीस?"

"बसले." सब्री पीठ मळत होती, ती थांबली नाही. "सांगितलं असतं तर तुम्ही दवाखान्यात जाऊन उभे राहिला असता. त्या पोराला कापायच्या आधी त्याच्या बापाला कापलं असतं तुम्ही."

"मी एवढा वाईट आहे?"

हो म्हटलं असतं तर तो भांडला असता, नाही म्हटलं असतं तर निवांत झाला असता. सब्रीने पीठ उलटून पुन्हा मळायला घेतलं. देरवेश कितीतरी वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

मग तो संघाच्या हॉलवर गेला. कोपऱ्यात नेहमीचे तिघे पत्ते खेळत होते. त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा, हानोवरमधल्या एकाचा नातू आहे, त्याची दवाखान्यात झाली, बापाच्या मांडीवर झोपला होता, तर किरीव कोण?

"दवाखान्यातली धरायचीच नाही," पहिला म्हणाला. "ते ऑपरेशन. ती सुंताच नव्हे."

"वा! म्हणजे पुन्हा कापायचं काय?" दुसरा म्हणाला.

"पोर झोपलेलं होतं ना? मग बाप किरीव कसा होईल," तिसरा म्हणाला. "पोराला कळलं पाहिजे आपल्याला कोणी धरलंय. नाहीतर उशी पण किरीव होईल."

"झोपायच्या आधी कळत होतं की!"

"झोपायच्या आधी काही कापलं होतं का?"

हाजी शमो खिडकीपाशी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होते. त्यांनी सालं हातात गोळा केली आणि म्हणाले, "देरवेश, तो हानोवरचा माणूस आहे ना, त्याला म्हणावं, इथे येऊन विचारू नकोस. ज्याला शब्द दिलास त्याच्याकडे जा."

देरवेशच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिघेही एकदम आपापल्या पत्त्यांत फार बारकाईने बघू लागले.

*

खलफ नदीच्या पलीकडे राहतो. देरवेश ट्राममध्ये बसला तेव्हा त्याच्याकडे सांगायला तीन गोष्टी तयार होत्या. पहिली, डॉक्टरची चूक. दुसरी, पोराचा ताप, जीवाशी गाठ. तिसरी, सुनेचं माहेर, कारण सुनेच्या माहेरावर काहीही घालता येतं. नदी ओलांडेपर्यंत तिन्ही त्याला खोट्या वाटायला लागल्या, आणि खरी गोष्ट कोणती हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. शब्द त्याचा होता. पोर सेरहदचं होतं. मग शब्द मोडला कोणी?

दार एदलाने उघडलं, खलफच्या बायकोने. "या, किरीवभाऊ, या!" ती म्हणाली. बैठकीत दाराच्या मागे पांढरा सूट प्लास्टिकमध्ये टांगलेला होता. तो एवढासा होता, की देरवेशला त्याच्याकडे बघवेना.

खलफ सोफ्यावर उशा लावून बसला होता. वाळला होता तो हिवाळ्यानंतर. कडू कॉफी आली, मग चहा आला. तब्येत झाली, पाऊस झाला, गावाकडे कोण गेलं ते झालं. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही.

"खलफ," देरवेश म्हणाला, "मी तुला तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही."

"का? तुझं तोंड आधीपासूनच असंच आहे."

"चेष्टा करू नकोस. लेवेंदची झाली. दवाखान्यात. मला न सांगता. माझ्या मुलाने माझ्या शब्दाला..." त्याने ग्लास खाली ठेवला, तो बशीवर नीट बसला नाही, चहा सांडला.

खलफने हात लांब करून ग्लास सरळ केला. "मला माहीत आहे."

"कोणी सांगितलं? हाजी शमोने?"

"सेरहदने."

"कधी?"

"होण्याच्या आधी. आठवडाभर आधी असेल. तू बसलायस ना, तिथेच बसला होता. एवढा मोठा बाप्या, पण ग्लास असा फिरवत होता हातात, एदला म्हणाली, याचा चहा आता लोणी होऊन निघणार."

देरवेशला खलफचं तोंड हलताना दिसत होतं. शब्दही ऐकू येत होते. ते एकमेकांशी जुळत मात्र नव्हते. सेरहद इथे आला होता? या घरात? ज्याच्या भावाने बंदूक घेतली त्याच्या सोफ्यावर?

"कशाला आला होता?"

"परवानगी मागायला. म्हणाला, खलफकाका, तुमचा मान आहे, तो तुमचाच राहील, पण पोराला त्या वेळी मी धरू का?"

"आणि तू?"

"मी उठून आत गेलो. रागाने. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, हे बंदुकीचंच आहे, हे पोर अजून विसरलं नाही. आत जाऊन गोळी घेतली, पाणी प्यालो. बाहेर आलो तर हा रडत होता. आवाज न करता. मी विचारलं, अरे, हे तू तुझ्या बापाला जाऊन का सांगत नाहीस?"

खलफ थांबला. एदला दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"काय म्हणाला?" देरवेशने विचारलं.

"राहू दे."

"खलफ, तुला तुझ्या छातीतल्या यंत्राची शपथ आहे, काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबांना सांगायला गेलं की त्यांचं उत्तर आधीच तयार असतं. माझं सांगून होत नाही कधी."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. देरवेशला सेरहदचं तोंड आठवलं, शनिवारच्या संध्याकाळचं. खलफकाकांना, एवढं म्हणाला होता तो. खलफकाकांना काय ते त्याने विचारलंच नव्हतं.

"मग मी सांगितलं त्याला, जा, धर तू," खलफ म्हणाला. "माझी दोन्ही मुलं म्युनिकला आहेत, देरवेश. दर रविवारी फोन करतात. गोळ्या घेतल्या का, विचारतात. घेतल्या, सांगतो. माझ्या भावाने काय केलं, मी त्याला का अडवलं नाही, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि माझ्यासमोर रडलं तर कोणीच नाही. आणि तुझा मुलगा येऊन रडून गेला. आता तूच मला सांग, मी कोणाचा किरीव झालो? पोराचा, की पोराच्या बापाचा?"

देरवेशकडे याचं उत्तर नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच नसेल. तो आला होता दोन घरांची गाठ सुटू नये म्हणून. गाठ सुटलीच नव्हती. त्याच्या पाठीमागे, त्याला न विचारता, कोणीतरी ती बांधून मोकळं झालं होतं. मग त्याला हलकं वाटायला हवं होतं. ते का वाटत नव्हतं?

"हॉल?" त्याने विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"हॉल आहे तसाच. नाचायला काय कापावं लागतं?" खलफ म्हणाला. "तो सूट घेऊन जा. उंच होतंय पोर."

"राहू दे. तू घालशील त्याला," देरवेश म्हणाला आणि उठला. दारात खलफने पुन्हा त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं, आणि या वेळी देरवेशला ते सहन करणं जास्त जड गेलं.

*

तो घरी गेला नाही. सेरहदच्या इमारतीखाली जाऊन घंटी दाबली.

"कोण?"

"मी."

वर दारात सेरहद पांढराफटक पडून उभा होता. "काय झालं? आईला काही झालं का?"

"आईला काही नाही झालं. तुझ्याकडे आलोय."

सेरहदला ते पटायला वेळ लागला. बाप असा, न सांगता, हातात काही न घेता कधी आला नव्हता. नूजीनने सासऱ्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि लेवेंदला आंघोळीला घेऊन गेली.

दोघे समोरासमोर बसले. देरवेशने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"खलफकडे जाऊन आलो."

"हं."

"तू त्याला जे सांगितलंस ते मला सांग."

"त्यांनी सांगितलंच असेल."

"तू सांग. मी मध्ये बोलणार नाही."

सेरहद हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मग बराच वेळ तो टेबलाच्या कडेवरचा ओरखडा नखाने घासत बसला. न्हाणीघरातून पाण्याचा आणि लेवेंदच्या गाण्याचा आवाज येत होता.

"मी पळालो होतो त्या दिवशी," शेवटी तो म्हणाला. "हॉलच्या मागे, खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यामागे लपलो. तुम्हीच शोधून काढलंत मला. मला वाटलं, तुम्ही शोधलंत म्हणजे आता घरी न्याल, आणि—"

"अरे, घरी कसं नेणार? पाहुणे आलेले, उस्ता—"

सेरहद थांबला.

देरवेशने स्वतःचा तळहात स्वतःच्या तोंडावर दाबला. चांगला घट्ट, नाकपुड्यांपर्यंत. पांढऱ्या मिशांचा, जाड भुवयांचा तो म्हातारा चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा तोंड झाकून बसला आणि मान हलवली. बोल.

सेरहद त्याच्याकडे बघत राहिला. मग बोलायला लागला, आधी टेबलाकडे बघत, मग कुठेच न बघता.

"तुम्ही मला किरीवच्या मांडीवर ठेवलंत आणि गेलात. त्या माणसाने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला, पण त्याच्या बोटांमधून मला दार दिसत होतं. मी दाराकडेच बघत होतो. मी तुम्हाला हाक मारली. खूप वेळा मारली. झुर्ना वाजत होता म्हणून तुम्हाला ऐकू गेलं नसेल, असं मी नंतर ठरवून टाकलं. पण त्या वेळी मला वाटत होतं, तुम्ही लांब गेलात. रस्त्यावर, सिगारेट ओढायला, लोकांशी हसत बोलायला. मला वाटलं, तुम्हाला काही वाटतच नाहीये."

देरवेशचा तळवा ओला झाला होता, श्वासाने की कशाने कोण जाणे. तो कुठेही गेला नव्हता. त्या दारापलीकडे, कडीवर हात ठेवून, कपाळ लाकडाला टेकवून तो उभा होता. एक एक हाक त्याला ऐकू आली होती, झुर्न्याच्या वरून. दोघा चुलतभावांनी त्याला कमरेला धरून ठेवलं होतं, बापाने आत जायचं नसतं म्हणून. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सब्रीलाही नाही. आणि आता ते सगळंच्या सगळं त्याच्या तोंडात येऊन थांबलं होतं, एका तळहाताच्या आड. बोलावं तर आत्ताच दिलेला शब्द मोडतो, मुलाचं सांगणं पुन्हा अर्ध्यावर राहतं. न बोलावं तर मुलगा ज्या दाराकडे बघतोय ते बंदच राहतं. कोणती चूक कमी मोठी, हे त्याला कळेना.

"आणि मग?" असं त्याच्या डोळ्यांत असावं, कारण सेरहदने श्वास घेतला आणि म्हणाला, "आणि मग लेवेंद झाला." देरवेशने हात काढला नाही. सेरहद पुढे बोलत राहिला.